अकोल्याचा करार, फिलाडेल्फियाचे कुलूप

वऱ्हाडात दोन भावांच्या वाटण्या होतात तेव्हा तोंडी ठरलेल्या गोष्टींची यादी मोठी असते. विहीर सामाईक राहील, पाण्याच्या पाळ्या ठरल्याप्रमाणे लागतील, धाकट्याच्या वावरात जायला थोरल्याच्या धुऱ्यावरून वाट राहील. चार माणसांसमक्ष हे ठरते आणि दहा-पंधरा वर्षे सुरळीत चालतेही. पुढे थोरला जातो, त्याची मुले कर्ती होतात आणि एखाद्या पावसाळ्यात धुऱ्यावर काट्यांचे कुंपण पडते. धाकट्याचा मुलगा तक्रार घेऊन निघाला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘‘लेखी हाये काय?’’ लेखी असले तर लगेच दुसरा, ‘‘मंग त्याची नोंद केली होती काय?’’

शब्द, कागद आणि नोंद या तीन पायऱ्या घरातल्या वाटणीला लागू आहेत, तशाच त्या राज्यांनाही लागू आहेत. लहान मुलुख मोठ्या मुलुखाबरोबर एका छपराखाली राहायला निघतो तेव्हा त्याच्या मनात धाकट्या भावाचीच भीती असते. आपली संख्या कमी, आपले ऐकणार कोण? अमेरिकेच्या राज्यघटनेचा पाया ज्या भांडणावर उभा राहिला, ते भांडण नेमके याच भीतीचे होते. आणि 1947 च्या ऑगस्टमध्ये अकोल्यात जी मंडळी एकत्र जमली, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. दोन्हीकडे तडजोड झाली. एक सव्वादोनशेहून अधिक वर्षे टिकून आहे. दुसरीची आठवण आता स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत उरली आहे. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

न विचारता झालेले करार

करार हा शब्द वऱ्हाडाला नवा नाही. किंबहुना या मुलुखाचा आधुनिक इतिहास म्हणजे करारांचीच एक माळ आहे. 1853 साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हाती गेले. 1902 साली दुसरा करार झाला. त्यानुसार निजामाने वर्षाला 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड ब्रिटिश सरकारला कायमच्या पट्ट्याने दिले. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. 1936 मध्ये आणखी एक करार झाला. निजामाची वऱ्हाडवरील नावापुरती मालकी त्यात मान्य करण्यात आली, त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि कारभार पूर्ववत मध्य प्रांताबरोबरच राहिला.

या करारांत एक गोष्ट समान आहे. अमरावतीच्या कापूस बाजारात बसणाऱ्या, बाळापुरात माग चालवणाऱ्या किंवा मेळघाटात राहणाऱ्या कोणाही माणसाला त्याचे मत विचारण्यात आले नव्हते. जमीन गहाण पडावी तसा मुलुख गहाण पडला, आणि जमिनीला कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील वसाहतींनी 1776 च्या जाहीरनाम्यात ज्याविरुद्ध आवाज उठवला ते हेच होते. सरकारला सत्ता मिळते ती ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्या संमतीतून, असे त्या जाहीरनाम्याने सांगितले. आज हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले वाटते. पण 1902 चा पट्टा समोर ठेवून ते वाचले, म्हणजे त्याचे वजन कळते.

डेलावेअरची भीती

स्वातंत्र्य मिळाले म्हणून संसार सुरळीत झाला असे मात्र अमेरिकेत घडले नाही. 13 राज्यांनी आपसांत केलेला पहिला करार 1781 मध्ये अमलात आला. त्यात प्रत्येक राज्याला एक मत होते, पण मध्यवर्ती सभेला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी जमेल तसे द्यायचे. घरखर्चाला कोणी पैसे देईना अशी त्या एकत्र कुटुंबाची अवस्था झाली. म्हणून 1787 च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. 12 राज्यांचे 55 प्रतिनिधी कमीअधिक काळ हजर राहिले. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने तर कोणी पाठवलेच नाही. चर्चा गुप्त ठेवायची असे ठरले. त्या खोलीत काय बोलले गेले याचा सविस्तर वृत्तान्त, जेम्स मॅडिसन यांच्या टिपणांतून, 1840 मध्ये म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

व्हर्जिनिया हे सर्वांत मोठे राज्य होते. त्याच्या प्रतिनिधींनी योजना मांडली, की कायदेमंडळाची दोन सभागृहे असावीत आणि दोन्हींत लोकसंख्येनुसार जागा असाव्यात. ऐकायला किती न्याय्य! पण 1790 च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात निघाली आणि डेलावेअरची जेमतेम 59 हजार. डेलावेअरने आपल्या प्रतिनिधींना घरूनच ताकीद दिली होती, की प्रत्येक राज्याला एक मत हा हक्क सोडायचा नाही. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन यांनी लहान राज्यांच्या वतीने उलट योजना ठेवली, की एकच सभागृह असावे आणि सर्वांना सारखे मत असावे. जूनअखेर वाद इतका विकोपाला गेला, की डेलावेअरचे गनिंग बेडफर्ड यांनी, मोठी राज्ये दडपू लागली तर लहान राज्ये परकी मित्र शोधतील, अशी धमकी भर सभेत दिली.

अखेर कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन यांनी पुढे केलेली मधली वाट 16 जुलै 1787 रोजी स्वीकारण्यात आली. खालच्या सभागृहात लोकसंख्येनुसार जागा, वरच्या सभागृहात म्हणजे सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारख्या. बाजूने 5 राज्ये, विरुद्ध 4, आणि मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी निम्मे इकडे, निम्मे तिकडे. अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा एक मुख्य खांब असा एका मताने उभा राहिला.

खरी गोष्ट मात्र त्यापुढची आहे. परिषद संपायला दोन दिवस राहिले असताना, 15 सप्टेंबरला, शर्मन यांनी नवी शंका काढली. राज्यघटना दुरुस्त करण्याची सोय आपण ठेवली आहे. मग उद्या तीन चतुर्थांश राज्ये एकत्र आली आणि त्यांनी लहान राज्यांचा हा हक्क दुरुस्ती करूनच काढून घेतला तर? मंडळी थकली होती, घरी जायची घाई होती. तरीही एक वाक्य जोडण्यात आले, की कोणत्याही राज्याचा सिनेटमधील समान मताचा हक्क त्या राज्याच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही. थोडक्यात, हमी दिली, हमीला कुलूप लावले आणि किल्ली ज्याला हमी हवी होती त्याच्याच हातात दिली.

याचा परिणाम लगेच दिसला. नव्या राज्यघटनेला सर्वांत आधी मान्यता दिली ती डेलावेअरने, 7 डिसेंबर 1787 रोजी आणि एकमताने. त्याच महिन्यात न्यू जर्सीही एकमताने आले. खळखळ केली ती मोठ्यांनी. व्हर्जिनियात 89 विरुद्ध 79 आणि न्यू यॉर्कमध्ये 30 विरुद्ध 27 अशा काठावरच्या मतांनी मान्यता मिळाली. ज्याला आपले घर सुरक्षित वाटते तो एकत्र कुटुंबात राहायला खुशीने येतो, हा व्यवहार राजकारणालाही चुकलेला नाही.

8 ऑगस्ट 1947

आता अकोल्याकडे येऊ. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली. पण नागपूर-वऱ्हाडच्या पुढाऱ्यांच्या मनात धाकधूक होती. मुंबई-पुण्याच्या मंडळींशी भाषा एक आहे हे खरे; पण कापूस पिकवणाऱ्या, वेगळ्या कारभारात वाढलेल्या या मुलुखाचे तिकडे कोण ऐकणार?

स्वातंत्र्य आठवड्यावर आले असताना, 8 ऑगस्ट 1947 रोजी, अकोल्यात दोन्हीकडचे पुढारी बसले आणि करार झाला. तिकडून शंकरराव देव, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अशी मंडळी होती. इकडून ब्रिजलाल बियाणी, लोकनायक बापूजी अणे, डॉ. पंजाबराव देशमुख, रामराव देशमुख. यांतले सगळे एका मताचे नव्हते. बियाणी आणि अणे यांचा ओढा वेगळ्या विदर्भाकडे होता. तरीही एका कागदावर त्यांचे जुळले, कारण कागदात सोय होती. प्रांत एकच, संयुक्त महाराष्ट्राचा. पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, आणि प्रत्येकाला आपापले विधिमंडळ व मंत्रिमंडळ. आधीचे तह राजे आणि कंपन्यांनी केले होते. इथे वऱ्हाडची माणसे स्वतः टेबलाच्या एका बाजूला बसली होती.

फिलाडेल्फियात जे साधले तेच वेगळ्या मार्गाने इथे साधायचे होते. एकत्र राहू, पण संख्येच्या जोरावर कोणी कोणाला गिळणार नाही. मग बिघडले कुठे?

करार पुढाऱ्यांचा होता. तो ज्या घटनेत बसायला हवा होता ती दिल्लीत लिहिली जात होती, आणि तिच्यात उपप्रांत नावाची चौकटच नव्हती. डॉ. पंजाबराव देशमुख आणि ब्रिजलाल बियाणी हे दोघेही घटना समितीचे सदस्य होते, हे इथे लक्षात घ्यावे. पण देशाची फाळणी नुकतीच झाली होती, संस्थाने विलीन करायची होती. त्या काळात ‘प्रांतातला प्रांत’ ही कल्पना कोणाला परवडणारी नव्हती. घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली आपल्या संघराज्याचा पायाच स्पष्ट केला होता. हे संघराज्य घटकांनी आपसांत करार करून बनवलेले नाही, आणि म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. अमेरिकेत राज्ये आधी होती आणि त्यांनी संघ घडवला. आपल्याकडे देश आधी, आणि राज्यांच्या सीमा संसदेने आखायच्या. त्यामुळेच आपल्या राज्यसभेत लोकसंख्येनुसार उत्तर प्रदेशाला 31 जागा, महाराष्ट्राला 19 आणि गोव्याला एक आहे.

गंमत अशी, की अकोल्यात सुचलेली कल्पना अगदीच हवेतली नव्हती. 1969 मध्ये घटनादुरुस्ती करून आसाम राज्याच्या पोटात स्वायत्त राज्याची सोय करण्यात आली आणि 1970 मध्ये मेघालय हे तसे राज्य झाले. त्याला स्वतःचे विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ मिळाले. 1972 मध्ये ते पूर्ण राज्य बनले. अकोल्याच्या कागदावरची योजना बावीस वर्षांनी घटनेत आली, पण ती दुसऱ्याच डोंगरांसाठी.

‘करील’ आणि ‘करू शकेल’

अकोल्यानंतर सहा वर्षांनी, 28 सप्टेंबर 1953 रोजी, नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, अकोल्याचे गोपाळराव खेडकर अशा पुढाऱ्यांच्या त्यावर सह्या आहेत. वेगळ्या विधिमंडळाची गोष्ट आता मागे पडली होती. तिच्या जागी आश्वासने आली. विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल; सरकारी नोकऱ्या आणि उच्च शिक्षणाच्या सोयी यांतही तसाच वाटा राहील; उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला असेल; सरकार ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवील आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन तिथे भरेल. 1955 मध्ये फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली, तरी पुढे 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, आणि विदर्भ त्यात आला.

यांतले काय टिकले? खंडपीठ टिकले, कारण ते कायद्याने स्थापन झाले. नागपूरचे हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी भरत आले, पण मुक्कामाचा काळ कधी लांबला, कधी आखडला, आणि 2020 व 2021 मध्ये ते मुंबईतच झाले. पैशाच्या वाट्याचे काय झाले, ते 1984 साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने मोजून दाखवले. राज्याचा एकूण अनुशेष 3,186 कोटी रुपयांचा आणि त्यात विदर्भाचा 1,246 कोटींचा निघाला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला.

या आश्वासनांतला एक भाग घटनेत मात्र गेला होता. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी तरतूद झाली. वेगळी विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तांत्रिक शिक्षणाच्या आणि नोकऱ्यांच्या पुरेशा संधी यांसाठी राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतील. या वाक्यातले शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचा. ‘सोपवतील’ असे तिथे नाही, ‘सोपवू शकतील’ असे आहे. एवढ्या एका क्रियापदात अडतीस वर्षे गेली. 1984 मध्ये विधिमंडळाने ठराव केला, आणि मंडळे प्रत्यक्ष आली ती 1994 मध्ये. मंडळे आल्यावरही अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या जिल्ह्यांतला सिंचनाचा अनुशेष पुढे कित्येक वर्षे राज्यपालांच्या निर्देशांत नोंदवला जात राहिला. पाण्याची पाळी आमची कधी, हा प्रश्न तसाच. 30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदत संपली, आणि ती संपली म्हणून राज्यघटनेचा भंग झाला असे म्हणण्याची सोय त्या क्रियापदाने ठेवलेली नाही.

हे दुखणे एकट्या वऱ्हाडचे नाही. 1956 च्या फेब्रुवारीत आंध्र आणि तेलंगणाच्या पुढाऱ्यांत असाच ‘सद्गृहस्थांचा करार’ झाला होता. तो पाळला गेला नाही ही तक्रार पन्नास वर्षे धुमसली आणि 2014 मध्ये तेलंगण वेगळे झाले. त्या वेळी आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले होते, तरी संसदेने ते मंजूर केले. कलम 3 नुसार राज्याचे मत फक्त मागवायचे असते. अमेरिकेत राज्याच्या पोटातून नवे राज्य काढायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. 1863 मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत वेस्ट व्हर्जिनिया वेगळे काढताना, संघनिष्ठ व्हर्जिनियन मंडळींनी उभारलेल्या सरकारची का होईना, संमती घेण्याचा सोपस्कार करावाच लागला.

कुलपाची दुसरी बाजू

म्हणून अमेरिकेचे सगळे सोने आणि आपले पितळ, असे समजण्याचे कारण नाही. फिलाडेल्फियाच्या त्या खोलीत लहान राज्ये हजर होती, म्हणून त्यांना हमी मिळाली. काळे गुलाम तिथे नव्हते. जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब त्याच उन्हाळ्यात ठरला, आणि तो फायदा गुलामांच्या मालकांना झाला. गुलामगिरी संपवायला 1861 ते 1865 चे यादवी युद्ध लढावे लागले. स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला 1920 उजाडले. आपल्या घटनेने 1950 साली पहिल्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट केली आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले, हे विसरून चालणार नाही.

शिवाय घट्ट कुलपाला गंजही चढतो. 2020 च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या जवळजवळ चार कोटी आणि वायोमिंगची पावणेसहा लाख. सिनेटर दोघांचेही दोन-दोनच. हा न्याय कसला, असे तिथले लोकही विचारतात. पण दुरुस्ती करता येत नाही, कारण किल्ली वायोमिंगच्या खिशात आहे. आपल्या घटनाकारांनी दार थोडे सैल ठेवले म्हणूनच भाषावार राज्ये होऊ शकली, आणि महाराष्ट्रही त्याच सैल दारातून आला.

तेव्हा विदर्भ वेगळा असावा की महाराष्ट्रात राहावा, याचे उत्तर अमेरिकेच्या घटनेत सापडणार नाही. अकोल्यात सह्या करणाऱ्यांतही ते उत्तर एक नव्हते आणि आज एकाच घरातल्या बाप-लेकांतही ते एक नसते. दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असा एक धडा मात्र शर्मन यांच्या त्या शेवटच्या शंकेत आहे. आश्वासन देणारी माणसे बहुधा प्रामाणिकच असतात. अकोल्याची होती, नागपूरचीही होती. पण ती कायम खुर्चीवर राहत नाहीत. त्यांच्यामागून येणाऱ्याने त्या कागदावर सही केलेली नसते. म्हणून आश्वासन देणाऱ्याचे मन कितीही मोठे असले, तरी ते मोडले तर दाद कुठे मागायची, हे त्याच बैठकीत, सगळे खुशीत असतानाच, लिहून घ्यावे लागते. नंतर विचारले तर ते भांडण ठरते.

पुढच्या निवडणुकीत कोणत्याही रंगाचा उमेदवार आपल्या अंगणात येईल आणि अनुशेष भरून काढण्याचा शब्द देईल. त्याला चहा जरूर पाजावा. कप खाली ठेवायच्या आत मात्र एवढेच विचारावे, की भाऊ, तुमच्या कागदात ‘करू शकेल’ लिहिले आहे की ‘करील’?